अण्णांना कुणी विचारलं?

गेल्या आषाढातली गोष्ट. सकाळी मुलांचे डबे भरून झाले होते, ह्यांचा चहा गॅसवर होता आणि अंबडहून माहेरच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. ''घाबरू नकोस हं,'' अशी सुरुवात झाली की माणूस आधी घाबरतो. अण्णा न्हाणीघरात घसरून पडले होते. दूधवाल्याने कडी वाजवली, आतून ओ येईना, म्हणून तो मागच्या दाराने आत गेला तेव्हा कळलं. तासभर तरी ते ओल्या फरशीवर तसेच पडून होते.

जालन्याहून अंबड एस.टी.ने तासाभराचं. मी पोचले तोवर काकांनी त्यांना दवाखान्यात नेऊन आणलं होतं. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये, हात गळ्यात. मी ''हात मोडला ना हो अण्णा,'' म्हणून रडायला लागले, तर म्हणतात, ''हात नाही, मनगट. आणि मोडलं नाही, तडकलंय.'' चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या माणसाला चुकीचं वाक्य सहन होत नाही.

अण्णांचं वय 76. आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून माळवदाच्या त्या जुन्या घरात ते एकटेच. दादा पुण्याला, सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तो आणि वहिनी दोघंही नोकरीला. मी जालन्यात, दोन खोल्यांत पाच माणसं. सासूबाई आमच्याकडे असतात, आणि मी दुपारी शाळेत तासिकेवर शिकवते.

त्या रात्री मी ढाळजेत बसून दादाशी हळू आवाजात फोनवर बोलले. दीड तासात आम्ही बहीण-भावांनी सगळं ठरवून टाकलं. पुण्याला ते दिवसभर कुलपात राहणार, माझ्याकडे जागा नाही, एकटं ठेवणं तर शक्यच नाही. तेव्हा छत्रपती संभाजीनगरला एखादा चांगला वृद्धाश्रम बघायचा, पेन्शन आहेच, कमी पडेल ते दादा घालेल. फोन ठेवला तेव्हा मला अगदी मोकळं वाटलं.

सकाळी चहा घेऊन गेले. अण्णा बाजेवर बसलेले. कप हातात न घेता म्हणाले, ''पोरी, बैल बाजारात न्यायचा असला तरी आदल्या रात्री त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. मला कुणी विचारलं?''

मैत्रिणींनो, मी काय उत्तर देणार? कप तसाच माझ्या हातात राहिला.

नंतर पुष्कळ विचार केला. वृद्धाश्रमाचं नाव ऐकून अण्णा दुखावले असं आधी वाटलं होतं. तसं नव्हतं. त्यांच्या उरलेल्या आयुष्याची बैठक भरली आणि त्यांनाच बोलावणं नव्हतं, हे त्यांना लागलं. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे सरकारसुद्धा वर्षातून एकदा विचारतं, की बाबा, तुम्ही आहात ना? आम्ही पोटच्या पोरांनी तेवढंही विचारलं नव्हतं.

मग मी आठ दिवस रजा घेतली आणि विचारायला बसले. पण ''तुम्हाला कुठे राहायचंय?'' असं एकदम विचारलं की म्हातारी माणसं एक तर ''माझं काय, तुम्ही ठेवाल तिथे राहीन,'' म्हणतात, नाही तर ''मी इथेच मरणार,'' म्हणतात. दोन्हींतून आपल्या हाती काही लागत नाही. म्हणून मी दोन साधे प्रश्न केले. रोजच्या दिवसातलं काय गेलं तर तुम्हाला करमणार नाही? आणि तुम्हाला भीती कशाची वाटते? त्यांचा हात गळ्यात, म्हणून मुलांच्या जुन्या वहीत मीच लिहून घेतलं.

न सोडण्याच्या गोष्टी अशा निघाल्या. पहाटे पाचला स्वतःच्या हाताने केलेला चहा. पारावर बसून सगळ्यांच्या आधी वाचलेला पेपर. मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या आता चढवत नाहीत, पण डोंगराच्या पायथ्यापासून केलेला नमस्कार. दत्तजयंतीला अंबडात होणारं गाणं, जे त्यांनी उभ्या आयुष्यात क्वचितच चुकवलं असेल. आणि रस्त्यात ''गुरुजी'' म्हणून हाक मारणारे विद्यार्थी. ''पुण्यात मला लिफ्टवालासुद्धा आजोबा म्हणतो,'' हे त्यांचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

भीती तीनच. रात्री पुन्हा पडलो आणि कुणाला कळलंच नाही तर? अंथरुणाला खिळलो आणि सुनेला किंवा लेकीला माझं सगळं काढावं लागलं तर? आणि डोकंच चालेनासं झालं तर? मरणाची भीती त्या यादीत नव्हती.

ही यादी हाती आल्यावर आमचं रात्रीचं ठरवणं किती आंधळं होतं ते दिसलं. त्यांची पहिली भीती घरात माणूस ठेवून आणि न्हाणीघर सुधारून जाण्यासारखी होती. दुसरी आणि तिसरी अजून आलेली नव्हती. आम्ही मात्र न आलेल्या आजारावर त्यांचा चहा, पेपर आणि गाव काढून घ्यायला निघालो होतो.

तरीही सगळे पर्याय नीट तपासायचे असं ठरवलं. दादाकडे राहण्याबद्दल अण्णाच म्हणाले, ''महिनाभर जाईन, नातवंडांना भेटेन. कायमचं नको.'' इथे मला एक सांगायचंय. अशा वेळी आपण चटकन सुनेला बोल लावतो. माझ्याही मनात ते आलं होतं. पण वहिनी सकाळी आठला बाहेर पडते ती संध्याकाळी सातला येते. सून म्हणजे बिनपगारी नर्स नव्हे. मी स्वतः कुणाची तरी सून आहे, तेव्हा हे मला तरी समजायला हवं.

माझ्याकडे यायचं म्हटल्यावर अण्णांची जुनी अढी आली. लेकीच्या घरी दोन दिवस पाहुणा म्हणून, त्यापुढे नाही. ही अढी काढली आमच्या सासूबाईंनी. त्यांनी स्वतः फोन केला आणि म्हणाल्या, ''गुरुजी, उन्हाळ्यात इकडे या. तुमची लेक माझं करते, तर मी तुमच्यासाठी एक खोली सोडू शकत नाही का?'' खरं सांगते, एका संडासात सहा माणसं म्हटल्यावर मलाच धास्ती वाटत होती. सासूबाईंनी मला लाजवलं.

आता वृद्धाश्रमाविषयी. पुष्कळ बायकांना वाटतं, हे हल्लीच्या सुनांनी काढलेलं खूळ आहे. पुण्याच्या नव्या पेठेत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली संस्था, जिला आपण 'निवारा' म्हणून ओळखतो, ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. राज्य सरकारची 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना 1995 सालची. सरकारी अनुदानावरच्या वृद्धाश्रमांत पुरुषांना 60 आणि स्त्रियांना 55 वर्षांनंतर प्रवेश मिळतो. त्याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. याखेरीज पैसे भरून राहण्याच्या खासगी संस्था आहेत. त्यांतल्या काही ठिकाणी आंघोळ, औषधं, भरवणं यांनाही माणूस मिळतो. आणि पुण्यात 'अथश्री'सारख्या वसाहती आहेत, तिथे ज्येष्ठांचे स्वतःचे फ्लॅट असतात. म्हणजे 'वृद्धाश्रम' या एका शब्दात निरनिराळ्या गोष्टी येतात. आपल्या माणसाला यातलं नेमकं काय लागणार आहे, ते आधी ठरवावं.

प्लॅस्टर निघाल्यावर अण्णाच म्हणाले, ''चल, बघून तर येऊ.'' संभाजीनगरला एस.टी.ने गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एस.टी. फुकट आणि बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, तेव्हा आमची सहल स्वस्तात झाली. पहिल्या ठिकाणी दारातच छान सोफा, माशांची काचपेटी, भिंतीवर पाहुण्यांचे फोटो. मी खूश. अण्णा मात्र सरळ संडास बघायला गेले. ''शाळा तपासायची तर आधी मुतारी बघायची, असं आमचे एक साहेब म्हणत,'' ते परत येऊन सांगू लागले. ''कडी तुटकी, धरायला दांडी नाही, फरशी ओली. मी घरी पडलो तसाच इथे पडेन, फक्त पैसे देऊन.''

त्या दिवशी अण्णांकडून आणि नंतर अनुभवाने मी जे शिकले ते इथे देते. कुठलाही वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा एवढं विचारा:

1. रात्री मदतीला कोण असतं, किती जणांमागे एक? दिवसा सगळेच असतात.
2. माणूस अंथरुणाला खिळला तर इथेच ठेवता की घरी पाठवता? बऱ्याच ठिकाणी फक्त हिंडता-फिरता माणूस घेतात. हे नंतर कळलं की फार धावपळ होते.
3. आजारी पडल्यास कोणत्या दवाखान्यात नेता, खर्च कुणाचा, आम्हाला कळवता कधी?
4. अनामत किती? महिन्याभरात मन रमलं नाही तर त्यातलं परत किती मिळतं? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.
5. जेवणाच्या वेळेला न कळवता जा. ताटात काय आहे आणि ते खाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय आहे, दोन्ही बघा.
6. स्वतःचं सामान किती आणता येतं? देव, रेडिओ, उशी, आपला तांब्या?
7. आधी महिनाभर राहून बघता येतं का?

आणि सगळ्यांत मुख्य, ज्याला राहायचंय त्याला बरोबर न्या. दुसऱ्या ठिकाणी एक निवृत्त पोस्टमास्तर बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. अण्णा दोन डाव खेळले, एक हरले, एक जिंकले. परतीच्या गाडीत बदनापूरपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, ''जागा वाईट नाही. पण माझी वेळ अजून झालेली नाही. नाव मात्र घालून ठेव.''

तेव्हा ठरलं की सध्या अंबडलाच राहायचं. पण 'राहू दे त्यांना त्यांच्या घरी' म्हणून हात झटकले तर ते घरी ठेवणं नव्हे, ते वाऱ्यावर सोडणं. घर त्यांच्या वयाचं करावं लागतं. आम्ही काय केलं ते सांगते, त्यात फार मोठा खर्च नाही.

अण्णा पडले त्याचं मूळ पाण्यात होतं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून न्हाणीघरात पिंप भरलेलं, त्यातून वाकून बादली उपसायची आणि फरशी सदाची निसरडी. आता पिंप उंच ओट्यावर ठेवून त्याला तोटी बसवली, पाणी भरायला एक मुलगा लावला. संडासात कमोडची खुर्ची आणि न्हाणीघरात भिंतीला धरायला लोखंडी दांडी. ती गवंड्याकडून भिंतीत पक्की बसवून घ्यावी, टॉवेलची दांडी धरली तर ती हातात येते. आंघोळीला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची, खाली खरखरीत रबरी चटई. आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असा खटका लावला. बाजेपासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा. वाटेतली सतरंजी मी स्वतः गुंडाळून माळ्यावर टाकली.

रात्री उठताना एकदम उभं राहायचं नाही. आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, दहा आकडे मोजायचे, मग उठायचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठलं की चक्कर येऊ शकते. डोळेही तपासून घेतले, तर मोतीबिंदू निघाला. अण्णा पेपर हल्ली उशिरा का वाचतात याचं उत्तर तेव्हा मिळालं. उजेड चांगला व्हायची वाट बघायचे, पण आम्हाला बोलले नाहीत.

दोन वेळचा डबा शेजारच्या काकू देतात, आणि त्याचे पैसे महिन्याच्या एक तारखेला घेतात. फुकट घ्यायला अण्णा तयार नव्हते आणि ते बरोबरच आहे. उपकाराचा डबा चार महिने चालतो, पैशाचा वर्षानुवर्षं. रात्री त्यांचा एक जुना विद्यार्थी झोपायला येतो, त्याचे पैसे दादा देतो. दादाचा रात्री आठला फोन, माझा सकाळी सातला. सकाळचा फोन उचलला नाही तर मी लगेच काकूंना करते. घराची एक किल्ली त्यांच्याकडे आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरात आमचे आणि डॉक्टरांचे नंबर, आणि 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा सरकारी नंबर. तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो.

महिन्यातून एकदा जाते तेव्हा मी पाहुणी म्हणून बसत नाही, घर वाचते. गोळ्यांच्या पाकिटात नको तितक्या गोळ्या उरल्यात का? पातेली करपलेली आहेत का? विजेचं बिल भरायचं राहिलंय का? सदरा सैल होतोय का? दाढी रोजची आहे ना? माणूस फोनवर ''मी मजेत आहे,'' म्हणतो, पण स्वयंपाकघर खोटं बोलत नाही.

आता थोडं पैशाचं आणि कागदपत्रांचं, कारण बायका इथे मागे राहतात. 1970 साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं, त्यातल्या अप्पासाहेबांनी होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकलं आणि पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. आमची आजीही म्हणायची, एक वेळ पुढ्यातलं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये. 2007 साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम झाला. त्यात मुलाइतकीच मुलगीही जबाबदार धरली आहे, लग्न झालेलीसुद्धा. निर्वाहासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर-जमीन मुलांच्या नावे केली आणि त्यांनी सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्दही होऊ शकतं. पण ती अट कागदात स्पष्ट लिहून घ्यावी, नाही तर पुढे फार ओढाताण होते. त्याहून सोपं म्हणजे मृत्युपत्र करावं. ते माणसाच्या मागेच लागू होतं आणि हयातीत केव्हाही बदलता येतं. अण्णांनी तेच केलं. शिवाय 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न घालता, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड निघतं. योजनेतल्या दवाखान्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय त्यात आहे. आधार कार्ड घेऊन जाऊन ते काढून ठेवा. दवाखान्यात भरती झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

यंदा चैत्र-वैशाखाचे दोन महिने अण्णा आमच्याकडे जालन्यात राहिले. येताना बटईने दिलेल्या शेतातलं ज्वारीचं पोतं घेऊन आले. लेकीच्या घरी आपलं धान्य आणून खातो, ही त्यांची समजूत आणि आमची सोय. सकाळी पाचला स्वयंपाकघरात खुडबुड व्हायची, ते चहा करायचे, आणि आठ दिवसांनी सासूबाईही त्या वेळेला उठायला लागल्या. पावसाचा पहिला शिंतोडा पडला, तशी त्यांनी पिशवी भरली.

जायच्या आदल्या रात्री त्यांनी दादालाही बोलावून घेतलं आणि एक कागद काढला. स्वतःच्या हाताने लिहिलेला. मनगटामुळे अक्षर थोडं थरथरलेलं, पण रेघ सरळ. त्यात होतं: 'पुन्हा पडलो, गॅस दोनदा चालू राहिला, रात्री सोबतीला माणूस मिळेना, किंवा तुमची नावं चुकू लागली, तर मला आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या ठिकाणी न्यावे. त्या वेळी मी नाही म्हणेन. माझे ऐकू नये. हा कागद मला वाचून दाखवावा. आठवड्यातून एकदा कुणीतरी भेटावे. दत्तजयंतीला अंबडला आणावे. घराची किल्ली माझ्या उशाशी राहू द्यावी.'

खाली त्यांची सही होती. मग आम्हा दोघांना सही करायला लावली. माझी सही बघून म्हणाले, ''आडनाव पूर्ण लिही.''

तो कागद माझ्या कपाटात आईच्या शालूच्या घडीत आहे. तो काढायची वेळ येऊ नये असं वाटतं, आली तर मात्र मला रात्रभर फोनवर बसून अण्णांचं आयुष्य ठरवावं लागणार नाही. त्यांनी ते स्वतःच ठरवलंय.

तुमच्याकडेही आई असेल, वडील असतील, सासू-सासरे असतील. डोकं शाबूत आहे, हात चालतोय, तोवर एका निवांत दुपारी चहा करा, वही घ्या आणि ते दोन प्रश्न विचारा. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. मला ते जमायला दोन दिवस लागले.